पॅटर्न करायला टाकला की पारडं फिरतं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका तरुण फाउंड्रीवाल्यानं (धातू ओतून भाग करणाऱ्यानं) विचारलं आहे: "पुण्याच्या एका पंप कंपनीबरोबर दीड वर्ष खपून नव्या पंपाच्या बॉडीचं कास्टिंग (ओतीव भाग) उभं केलं. पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा पडतो तो नमुना) आणि कोअर बॉक्स (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, घडवायची पेटी) यांचे निम्मे पैसे त्यांनी दिले, निम्मे आम्ही घातले. आमचे पैसे नगामागे वळते होतील असं तोंडी ठरलं होतं. सॅम्पल पास झाले, सप्लाय सुरू झाला आणि आज आमच्या विक्रीतले ५५ टक्के त्यांच्याकडून येतात. आता ते मेथडिंगची (साच्यात धातू कसा ओतायचा, कुठून न्यायचा याची) सगळी माहिती आणि सिम्युलेशनच्या फाइल मागतायत. दुसरा सप्लायर उभा करणार असंही म्हणतायत. वडील म्हणतात, मोठी माणसं आहेत, देऊन टाक, संबंध बिघडवू नकोस. मला वाटतं, पॅटर्न अडवून धरावा. काय करू?"

वडिलांचं ऐकून सगळं देऊनही टाकू नका आणि पॅटर्नही अडवू नका. का ते सांगतो. थोडं लांबेल, पण हाच प्रश्न घेऊन महिन्याला दोघं-तिघं तरी माझ्याकडे येतात. मी सुरुवात शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नच्या शॉपमध्ये केली, पुढे भागीदारीत फाउंड्री चालवली आणि गेली बारा वर्षं फाउंड्री आणि ग्राहक कंपनी यांच्यामध्ये बसून नवे पार्ट उभे करून देतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय.

कुणाचा जोर कधी असतो हे आपल्या जिल्ह्यात शिकवावं लागत नाही. ऊस रानात उभा आहे तोवर शेतकऱ्याला चार कारखाने दिसत असतात, गुऱ्हाळं दिसत असतात. एकदा कोयता लागला की वजन आणि साखर दोन्ही घटायला लागतात, आणि ट्रॉली भरून काट्यावर उभा राहिलेला माणूस दराची भाषा बोलू शकत नाही. ऊसदरासाठीची जयसिंगपूरची ऊस परिषद गळीत हंगामाच्या तोंडावर भरते, हंगाम संपल्यावर भरत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे देण्याची अट आहे, तीही कोयता लागल्यानंतरच्याच दिवसांसाठी आहे.

तुमचा पॅटर्न म्हणजे तोडलेला ऊस. तो करायला टाकण्याआधी तुम्ही कुणाचंही काम घ्यायला मोकळे होता, आणि त्यांना कोल्हापुरातल्या दहा फाउंड्र्यांपैकी एक निवडायची होती. अॅल्युमिनियमचा पॅटर्न आणि कोअर बॉक्स तयार झाले त्या दिवशी तुमचे पैसे अशा वस्तूत अडकले, जिचा त्या एका पंपाशिवाय जगात कुठंही उपयोग नाही. भंगारात वजनावर जाईल तेवढीच तिची दुसरी किंमत. ऑलिव्हर विल्यमसन या अर्थशास्त्रज्ञाला २००९ साली नोबेल मिळालं, त्यांच्या कामाचा मोठा भाग याच गोष्टीवर आहे: एकाच व्यवहारासाठी केलेली आणि दुसरीकडे न चालणारी गुंतवणूक झाली की ती करणारा माणूस समोरच्याच्या हातात सापडतो.

आता हिशेब मांडून बघा. समजा पॅटर्न-कोअर बॉक्सचा खर्च ९ लाख. त्यातले तुमचे साडेचार लाख, नगामागे ३० रुपयांनी वळते व्हायचे म्हणजे १५,००० नग गेले पाहिजेत. महिन्याला ५०० नगांचं शेड्यूल असेल तर अडीच वर्षं लागतात. दुसरा सप्लायर आला आणि निम्मं शेड्यूल तिकडं गेलं, की तेच पैसे सुटायला पाच वर्षं. तोवर त्या पंपाचं डिझाइन बदलणारच. 'दुसरा सप्लायर' हे दोन शब्द तुमच्या वहीत आले की एवढे मोठे होतात, आणि परचेसवाल्याच्या वहीत त्याला काही किंमतच नसते. तो फसवत असतो असं नाही, त्याला हा आकडा कुणी दाखवलेलाच नसतो.

इथपर्यंत गोष्ट तुमच्या विरुद्ध दिसते. पण पारडं एकदाच फिरत नाही. सॅम्पल पास झाले, त्यांच्या मशीनिंग लाइनवर फिक्स्चर (नग पकडायची साधनं) बसले, हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली गळती बघणं) झाली, पंप बाजारात गेला, त्या दिवसापासून तेही तुमच्यात अडकले आहेत. दुसरीकडे जायचं तर पुन्हा सॅम्पल, पुन्हा कापून बघणं, पुन्हा टेस्ट, आणि तेवढ्या महिन्यांत लाइन थांबली तर त्यांच्या विक्रीचं काय? रिचर्ड इमर्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९६२ साली हे एका वाक्यात बसवलं: तुमच्यावर समोरच्याची सत्ता किती, तर तुम्ही त्याच्यावर जेवढे अवलंबून तेवढी. त्यात कंपनीचा आकार येत नाही, कोटींची उलाढाल येत नाही. तुम्हाला त्याच्याकडून काय हवंय आणि ते दुसरीकडून मिळतं का, एवढंच येतं. आणि हे माप दोन्ही बाजूंना लावायचं असतं. तुम्ही फक्त स्वतःला लावलंत, ५५ टक्के म्हणून घाबरलात. त्यांना लावलंच नाहीत.

लावून बघा. त्यांनी आज काम काढून घेतलं तर तुमची रिकामी लाइन भरायला किती महिने? तुम्ही उद्या थांबलात तर त्यांना पास झालेला पहिला नग दुसरीकडून मिळायला किती महिने? हे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा. माझा अनुभव असा की बऱ्याचदा ते जवळपास सारखे निघतात, आणि लिहून पाहिल्यावर पुण्याला जाणाऱ्या माणसाची बसण्याची पद्धत बदलते.

आता त्यांच्या मागण्यांकडे येऊ. दुसरा सप्लायर हवा ही मागणी रास्त आहे, आधी ते मनातून मान्य करा. तुमची एक भट्टी, एक मोल्डिंग लाइन. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि गाड्या अडकल्या, ते दिवस आठवा. पुण्यातल्या प्लँट हेडनं ते पाहिलंय. एकाच जागेवरून येणाऱ्या पार्टवर झोप लागत नाही, त्यात तुमच्यावरचा अविश्वास नाही. तेव्हा दुसरा येऊच नये म्हणून भांडू नका. तो कधी येणार, किती हिस्सा घेणार आणि येण्याआधी तुमचे कुठले पैसे चुकते होणार, यावर भांडा.

माहितीची मागणी मात्र वेगळी आहे, आणि इथं मी थोडा थांबणार आहे, कारण बहुतेक जण इथं एकतर सगळं देतात किंवा सगळं दडवतात.

माझ्या फाउंड्रीतली गोष्ट. साल सांगत नाही, ग्राहकही सांगत नाही. एका व्हॉल्व्हची बॉडी होती, ग्रे आयर्नची. कोअरची मान बारीक, आणि दर बॉक्सला दोन-तीन कोअर तिथंच तुटायचे. न तुटलेले मोल्डमध्ये बसवताना तडकायचे, मग कास्टिंगमध्ये आत धातूची फिन (पातळ पापुद्रा) यायची आणि फेटलिंगवाले (कास्टिंग साफ करणारे) शिव्या घालायचे. ग्राहकाचे डिझाइन इंजिनिअर दोन दिवस येऊन बसले. रायझर (धातू आकसताना जादा धातू पुरवणारा साठा) बदलला, इनगेट (धातू आत शिरतो ते तोंड) सरकवला, वाळूचा बाइंडर (वाळू चिकटवणारा पदार्थ) वाढवला, तर गॅस वाढून ब्लोहोल (गॅसची भोकं) आले. दुसऱ्या दिवशी दुपारी कोअर शॉपमधल्या एका मावशींनी तुटलेले सात-आठ कोअर ओळीनं मांडले आणि म्हणाल्या, "सायेब, ह्यो बगा, सगळी एकाच जागी मोडल्यात. हितं बोट फिरवल्यागत गोल करा की." मानेच्या कोपऱ्यात ड्रॉइंगमध्ये २ मिलिमीटरची गोलाई होती. आम्ही कोअर बॉक्सची ती कड कानशीनं घासून ती ६ केली. त्या हीटला (भट्टीच्या त्या ओतणीला) एकही कोअर तुटला नाही. कास्टिंग बँड सॉवर कापलं, कोपरा स्वच्छ. इंजिनिअरांनी तिथंच उभ्या उभ्या ड्रॉइंगवर लाल पेनानं ६ लिहिलं.

पंधरा दिवसांनी सुधारित ड्रॉइंग आलं. कोपऱ्यातल्या रिव्हिजनच्या चौकटीत बदल होता, तारीख होती, त्यांच्या दोन माणसांच्या सह्या होत्या. आमचं नाव कुठंच नव्हतं. वर्षभरानं तेच ड्रॉइंग दुसऱ्या फाउंड्रीला गेलं, त्यांना पहिल्या दिवसापासून चांगले कोअर मिळाले आणि त्यांनी आमच्यापेक्षा किलोमागे दोन रुपये कमी दर दिला. का देऊ नये? त्यांच्या दरात आमचे तुटलेले कोअर नव्हते, मावशींची दुपार नव्हती. कायद्यानं आमची चोरी झाली नव्हती. ड्रॉइंग त्यांचं, पार्ट त्यांचा. चूक एवढीच की त्या दुपारी घडलेल्या गोष्टीचा आमच्याकडे कागद नव्हता. तेव्हा फार राग आला होता, अजूनही ते आठवलं की येतो. पण त्यानंतर माझ्या फाउंड्रीत ट्रायलची वही सुरू झाली: हीट नंबर, तारीख, काय बदललं, कुणी सुचवलं, नगाचा फोटो, शेवटी दोघांची सही. ग्राहकाचा माणूस हजर असेल तर त्याचीही. सहीला कुणी नाही म्हणत नाही, कारण त्या क्षणी सगळे खूश असतात.

तेव्हा तुमच्या माहितीचे तीन ढीग करा. पहिला ढीग त्यांचा: ड्रॉइंग, मॉडेल, मापांचे रिपोर्ट, मटेरियलचे टेस्ट रिपोर्ट, कंट्रोल प्लॅन (दर्जा कुठं, कसा तपासायचा त्याचा तक्ता). हे पूर्ण आणि वेळेवर द्या, कुरकुर करू नका. दुसरा ढीग दोघांनी मिळून केलेल्या बदलांचा, म्हणजे आमच्या त्या ६ मिलिमीटरसारखा. हे ड्रॉइंगमध्ये जाणारच, पण जाताना त्याची किंमत आणि नाव लागलं पाहिजे. एकरकमी डेव्हलपमेंट चार्ज घ्या, किंवा ठरावीक मुदतीसाठी शेड्यूलचा ठरावीक हिस्सा मागा. तिसरा ढीग तुमचा: रनर (धातू वाहायची वाट) आणि रायझरची रचना, चिल (धातू लवकर थंड करणारे तुकडे) कुठं ठेवता, ओतण्याचं तापमान, कोअरची रेसिपी, सिम्युलेशनच्या मूळ फाइल. हे दाखवायला हरकत नाही. ऑडिटला आले की स्क्रीनवर दाखवा, प्रश्न विचारू द्या. प्रत देऊ नका. दाखवणं आणि प्रत देणं यातला फरक त्यांनाही नीट कळतो, ते स्वतःच्या ग्राहकाशी तसंच वागतात. पॅटर्नवरच रनर-रायझर बसवलेले असतील तर पॅटर्न गेला की मेथडिंगही जातं, हे मात्र लक्षात ठेवा. पुढच्या पार्टपासून ते सुटे ठेवा आणि त्यांची मालकी तुमची असं ऑर्डरवर लिहून घ्या.

पॅटर्न अडवण्याबद्दल. मला तुमचा राग कळतो, पण ते करू नका. ज्या टूलिंगचे पैसे ग्राहकानं दिले ते तुमच्याकडे ठेव म्हणून असतं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, एखाद्या वस्तूवर तुम्ही कसबाचं काम केलं असेल तर त्या कामाच्या मजुरीपुरती ती वस्तू धरून ठेवता येते. पण कास्टिंगची जुनी बिलं थकली म्हणून पॅटर्न धरायचा, तर कलम १७१ तो सरसकट हक्क बँकर, दलाल, वकील अशा मोजक्यांनाच देतं. बाकीच्यांना तो करारात लिहिलेला असेल तरच. तुमच्याकडे तर निम्म्या मालकीचाही कागद नाही. नोटीस आली की वकिलाला पहिल्यांदा तोंडी बोली सिद्ध करत बसावं लागेल. आणि समजा दहा दिवस अडवलात, लाइन थांबली, त्यांनी मान्य केलं. त्यानंतर तुमच्या नावापुढं जे लिहिलं जाईल ते पुसायला दहा वर्षं जातील. कोल्हापूर लहान आहे, आणि पुण्याचं परचेस खातं त्याहूनही लहान.

मीही एकदा हाच जोर वापरला होता, उलट्या बाजूनं. आमचा पॅटर्नमेकर उद्यमनगरातला, एकटा कारागीर, दोन पोरं हाताखाली. त्याचं ८० टक्के काम आमचं होतं, म्हणून मी त्याचे पैसे चार-चार महिने लांबवायचो. कुठं जाणार, असं म्हणायचो. तो काही बोलला नाही. फक्त त्यानं सुचवणं बंद केलं. आधी ड्रॉइंग पाहून सांगायचा, इथं ड्राफ्ट (साच्यातून पॅटर्न सुटायला दिलेला उतार) कमी पडतोय, इथं पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) खाली घ्या. नंतर जसं ड्रॉइंग तसा पॅटर्न करून द्यायचा. त्या वर्षी आमचं रिजेक्शन का वाढलं हे शोधायला मला आठ महिने लागले. कमजोर भागीदाराकडे एवढंच शस्त्र असतं, आणि नव्या पार्टच्या कामात ते सगळ्यात महागात पडतं, कारण तिथं तुम्ही त्याच्याकडून नग नव्हे, विचार विकत घेत असता. शेवटी मी त्याच्याकडे गेलो, सगळी बाकी चुकती केली आणि पुढं अर्धे पैसे आगाऊ द्यायचं ठरवलं. तुमच्या ग्राहकाला हे समजावता येतं. तुमच्या मशीन शॉपवाल्याला तुम्ही कसे वागवता, तेही या निमित्तानं बघा.

मागायचं काय, ते सांगतो. लेखी, दोन पानांत. पॅटर्नचे तुमचे न सुटलेले पैसे दुसऱ्या सप्लायरचं पहिलं सॅम्पल पास होईल त्या दिवशी एकरकमी मिळतील. पुढची दोन वर्षं शेड्यूलचा ठरलेला हिस्सा तुमचा, ७० मागा, ६० वर थांबा. काम काढायचं तर सहा महिने आधी कळवायचं. पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भाव हलला की दर तिमाहीला आपोआप हलेल, त्याचं सूत्र. ते बदल्यात कदाचित म्हणतील, दुसऱ्या कुणाची पंप बॉडी करायची नाही. याला सरळ हो म्हणू नका. या एका डिझाइनपुरतं आणि करार चालू आहे तोवर, एवढंच कबूल करा, आणि तेही किमान किती नग घेणार ते लिहून दिलं तरच. करार संपल्यावरही धंदा करू नये अशी अट कलम २७ मुळं तशीही टिकत नाही. पण कोर्टात टिकत नाही म्हणून सही करणं हा शहाणपणा नव्हे.

पुढच्या एखाद्या पार्टमध्ये खरोखर नवी कल्पना निघाली आणि दोघांच्या नावानं पेटंट घ्यायचं ठरलं, तर १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ५० आधी वाचा. वेगळा करार नसेल तर दोन्ही मालक स्वतःसाठी ती वापरू शकतात, एकमेकांना हिशेबही द्यावा लागत नाही, पण तिसऱ्याला परवाना द्यायचा तर दुसऱ्याची संमती लागते. त्यांचा देशभर बाजार आणि तुमची एक फाउंड्री असेल, तर 'दोघांची समान मालकी' दिसते तेवढी समान नसते.

पैशाच्या मुदतीचं थोडक्यात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीमुळं (१९६१ च्या कायद्यात ती ४३बी(एच) होती) थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत ग्राहकाला खर्चात धरता येत नाही, त्यामुळं त्यांचं अकाउंट्स खातं स्वतःहून जागं झालंय. थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाण्याची वाट आहे, पण चालू ग्राहकावर तिथं जाणारे फार थोडे. मी तो कागद दाखवायला नव्हे, करारात ४५ आकडा सहज घालून घ्यायला वापरतो.

५५ टक्क्यांचं ओझं कमी करायला वेळ लागेल. त्यांचं काम कमी करू नका, बाकीचं वाढवा. आणि ते करताना एका गोष्टीकडे बघा: तुम्ही त्यांना कच्चं कास्टिंग देता, ते पुण्यात मशीनिंग करतात. म्हणजे लीक सापडेपर्यंत त्यांची वाहतूक आणि मशीनची वेळ वाया गेलेली असते, आणि डेबिट नोट तुम्हाला येते. गोकुळ शिरगावात किंवा कागल पंचतारांकित वसाहतीत एखादा चांगला मशीन शॉपवाला जोडीला घ्या आणि मशीनिंग, हायड्रो टेस्ट, प्रायमर झालेली, थेट असेंब्लीला लागणारी बॉडी द्यायची तयारी दाखवा. पॅटर्न, कोअर, ओतकाम, मशीनिंग आणि टेस्टिंग एका तासाच्या अंतरात मिळतं, हे आपल्या गावाचं बळ आहे आणि आपण ते सुटं सुटं विकतो. इमर्सननं सांगितलेल्या वाटांमध्ये ही एक आहेच: कमी ताकदीच्यांनी एकत्र यायचं. फक्त मशीन शॉपवाल्याशी पहिल्या दिवशी लेखी करा, मघाशी तुमच्यासाठी सांगितलं तसंच.

शेवटचं, भेटीबद्दल. तुम्ही आजवर परचेसशीच बोलत आलात. त्यांच्याकडे सत्ता एका जागी नसते. तुमच्यावर खरा अवलंबून आहे तो डिझाइनवाला, ज्यानं तुमच्याबरोबर ट्रायल पाहिल्या आणि ज्याला पुढचं मॉडेल वेळेत काढायचंय. परचेसला ते अवलंबणं दिसत नाही, त्यांना फक्त दर दिसतो. भेट मागताना डिझाइन आणि क्वालिटी दोघांना बोलवा, पुढच्या मॉडेलबद्दल तुमच्या दोन सूचना आहेत असं सांगून बोलवा, आणि त्या खरोखर असू द्या. वडिलांना बरोबर न्या. संबंध जपायची त्यांची भाषा तुमच्यापेक्षा चांगली असणार आणि आकडे तुमचे. आणि स्टोअरमध्ये सुरुवातीच्या ट्रायलचा एखादा कापलेला नग पडला असेल, आत श्रिंकेजची (धातू आकसून पडलेली) काळी भोकं दिसणारा, तो पुसून घ्या, त्याच्यावर हीट नंबर आणि तारीख खडूनं ठळक करा. परवाच्या लॉटमधला एक नग त्याच जागी कापा. बोलायला सुरुवात करण्याआधी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवा.